वाचकांचे प्रश्न : ट्रंकेतला रंगूनचा डबा

मागच्या अंकात एका ताईंनी पाठवलेला डब्याचा फोटो छापला आणि त्यावर एवढी पत्रं अन् मेसेज आले की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले, शेतीचेही आणि सातबाऱ्याचेही, त्यांना पुढच्या महिन्यात नक्की उत्तर देतो. या वेळी फक्त रंगून, तेही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. आजच्या म्यानमारमधलं यांगून म्हणजेच तेव्हाचं रंगून, आणि ज्यांना आपल्याकडची म्हातारी माणसं अजून ब्रह्मी लोक म्हणतात ते तिथले मूळचे लोक.

प्रश्न : सर नमस्कार, मी दर्यापूर तालुक्यातली. सासूबाई गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली त्यात एक गोल डबा निघाला, लाल-काळा, वजनाला एकदम हलका, वरून सगळी बारीक नक्षी अन् आत दोन थाळ्या बसवलेल्या. आजेसासरे रंगूनले रेल्वेत कारकून होते एवढंच घरात माहीत हाये. हा डबा कायचा अन् आमच्या गावचा मानूस एवढ्या दूर काहून गेला असन?

ताई, तो पानाचा डबा आहे. ब्रह्मी भाषेत त्याला कुन-इट म्हणतात. खाली पानं ठेवायची आणि वरच्या थाळ्यांमध्ये सुपारी, चुना, कात, म्हणजे आपलं पानदानच. घरी कोणी आलं की तो डबा पुढे सरकवायचा, आपल्याकडे पानपुडा सरकवतात तसा. हलका का, तर आत ना लाकूड आहे ना धातू, आत बांबू आहे. बांबूच्या पातळ कामट्या गोल गुंडाळून आकार करतात, त्याच्यावर थित्सी नावाच्या झाडाचा काळा चीक चोपडतात, थंड आणि दमट तळघरात वाळवतात, घासतात, पुन्हा चीक, पुन्हा वाळवण, असं कितीतरी वेळा, मग लोखंडी सुईनं नक्षी कोरून त्यात रंग भरतात. चांगला डबा व्हायला महिनोन् महिने जातात. या कामाचं मोठं गाव पगान, इरावती नदीच्या काठी. तुमच्या आजेसासऱ्यांनी तो रंगूनच्या बाजारात घेतला असेल, आणि एवढा हलका डबा आहे म्हणूनच तो इथपर्यंत आला असं मला वाटतं, ते पुढे शेवटच्या प्रश्नात येईल.

आता काहून गेले ते. आज आपल्याला बर्मा म्हटलं की परदेश वाटतो पण १ एप्रिल १९३७ पर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, जसा आपला मध्य प्रांत वऱ्हाड तसाच तो. पासपोर्ट लागत नव्हता, रुपया तोच, पोस्ट तेच, रेल्वेतले कागद इंग्रजीत आणि साहेबही तसेच. इंग्रजी चार बुकं शिकलेल्या पोराला इथे जेवढा पगार मिळे त्यापेक्षा तिकडे जास्त मिळायचा. नागपूरहून बंगाल नागपूर रेल्वेनं हावडा, कलकत्त्याहून आगबोट, डेकवर सतरंजी टाकून तीन-चार दिवस समुद्र, मग बोट नदीत शिरायची आणि वळणावळणानं वर जाताना सगळ्यात आधी लांबून काय दिसायचं तर श्वेडगॉन पॅगोडाचं सोनेरी टोक. हा पॅगोडा शंभर मीटरच्या आसपास उंच आहे आणि तेव्हा शहरात त्याच्या वर डोकं काढेल असं काहीच नव्हतं.

शहर मात्र नवंच होतं. १८५२ च्या लढाईत इंग्रजांनी ते घेतलं आणि नकाशावर पट्टी ठेवून रेघा माराव्यात तसे रस्ते पाडले, मधोमध सुले पॅगोडा आणि त्याच्या चारी बाजूंनी सरळ रस्ते, लहान गल्ल्यांना तर नावंच नाहीत, नुसते नंबर. डलहौसी स्ट्रीट, फ्रेझर स्ट्रीट, मर्चंट स्ट्रीट, नदीकाठी स्ट्रँड रोड. १९०६ पासून विजेची ट्राम. १९०१ चं स्ट्रँड हॉटेल, १९२६ चं स्कॉट मार्केट. आणि आता जो आकडा सांगतो तो मी शाळेत पोरांना सांगायचो तेव्हा त्यांना खरा वाटायचा नाही : १९३१ च्या शिरगणतीत रंगूनची वस्ती ४ लाखांच्या आसपास, त्यात २ लाख १२ हजारांवर हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातली, माणसं आणि ब्रह्मी लोक सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे ब्रह्मदेशाच्या राजधानीत निम्म्याहून जास्त आपली माणसं.

तुमचे आजेसासरे सकाळी ऑफिसला निघाले असतील तर रस्त्यात काय दिसलं असेल बघा. रिक्षा ओढणारा तेलुगू, गोदीत पोती उचलणाराही तेलुगू, त्यांना सगळे कोरंगी म्हणायचे. दारावरचा दरवान उत्तर हिंदुस्थानातला, पोलीस पंजाबी, कचेरीतला मोठा बाबू आणि डॉक्टर बंगाली, कापडाचं दुकान सुरतेच्या मुसलमानाचं, नदीतल्या लाँचवरचे खलाशी चितगावचे आणि मोगल स्ट्रीटवर जमिनीवर बैठक मारून लहानशा डेस्कपाशी हिशेब लिहिणारे तमिळ सावकार, म्हणजे चेट्टियार. मशीद, हिंदू देऊळ, पारशांची अग्यारी, आर्मेनियन चर्च, ज्यूंचं सिनेगॉग, पलीकडे चिनी वस्ती, सगळं पायी फिरता येईल एवढ्यात. बाजारात भाषा हिंदुस्थानी. आणि दुकानावर ब्रह्मी बाया. ही गोष्ट आपल्या माणसांना फार नवलाची वाटायची, बाई स्वतः दुकान मांडते, भाव करते, पैसे स्वतःच्या ओट्यात ठेवते, जमीन तिच्या नावावर असते आणि तोंडात जाडजूड चिरूट. गालावर तनखा लावलेला, म्हणजे एका झाडाची साल गोल दगडावर पाण्यात उगाळून केलेला पिवळट लेप, आपण सहाणेवर चंदन उगाळतो अगदी तसा. ट्रंकेत असा एखादा गोल दगड सापडला तर सहाण समजून टाकून देऊ नका ताई.

प्रश्न : सर मी साकोलीचा, कॉलेजला आहे, आमच्याकडे मंडईच्या जत्रेला रात्रभर नाटक चालते तसं तिकडे काही होतं का, का फक्त साहेबांचे क्लब आणि डान्स?

भाऊ, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं कारण मी स्वतः पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला, वडश्याच्या बाजूचा, लहानपणी दिवाळीनंतर बंडीत तणस टाकून त्यावर घोंगडी पसरून आम्ही नाटकाला जायचो आणि पहाटे कधी घरी आणून टाकलं ते कळायचंही नाही. तर रंगूनमध्ये हे होतं, आणि अगदी आपल्यासारखं होतं. त्याला प्वे म्हणतात. कोणाच्या घरी पोराला काही दिवसांसाठी भिक्षू करायचा विधी असला, विहाराला दान दिलं, सण असला की घरचा मालक प्वे लावायचा, तिकीट नाही, सगळं गाव चटई घेऊन येणार. रात्री सुरू आणि उजाडेपर्यंत. राजपुत्र, राजकन्या, जातककथा, मधेच नाच, आणि मधे-मधे विदूषकांची जोडी, आपल्या खडी गंमतीच्या लोकनाट्यात कसे सोंगाडे येऊन गावच्या पाटलापासून सरकारपर्यंत सगळ्यांना टोमणे मारतात तसेच. पोरं चटईवर झोपलेली, म्हाताऱ्या चिरूट ओढत बसलेल्या, विनोद आला की पोरांना हलवून उठवायचं, रडारड सुरू झाली की पुन्हा झोपवायचं. बाजूला खाण्याची दुकानं, मोहिंगा नावाचा माशाच्या रश्श्यातला शेवयांचा प्रकार, भिजवून मुरवलेल्या चहापत्तीचं कालवण.

आता त्यांच्या वाद्याचं सांगतो कारण ते मला सगळ्यात आवडतं. वाजवणारा एका गोल लाकडी कठड्याच्या आत बसतो आणि त्याच्या भोवती २१ ढोल टांगलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रत्येकाचा सूर वेगळा, म्हणजे तो ढोलांवर चक्क गाण्याची चाल वाजवतो. हे ढोल सुरात कसे आणतात, तर शिजलेला भात आणि लाकडाची राख एकत्र मळून तो गोळा ढोलाच्या चामड्यावर मधोमध लावतात, कमी-जास्त करून सूर मिळवतात. आमच्या भजनी मंडळातले मृदंगवाले बुवा भजनाआधी मृदंगाच्या धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, कणीक लावताना हेच करायचे की! तिकडे भाताचा मुलूख म्हणून भात, इकडे गहू म्हणून कणीक. पो सेइन नावाचे फार मोठे नट होऊन गेले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी जमिनीवर चालणारा हा खेळ उंच स्टेजवर आणला, आणि लोक त्यांच्या नावावर लांबलांबून यायचे.

सिनेमाही होता. पहिला ब्रह्मी मूकपट रंगूनमध्ये १९२० च्या ऑक्टोबरात लागला, म्हणजे आपल्या फाळक्यांनंतर सातच वर्षांनी. पारशी नाटक कंपन्या बोटीनं तिकडे जायच्या, पुढे हिंदी बोलपट जायला लागले. बंगाल्यांची दुर्गापूजा, मोहरम, चिन्यांचं नवं वर्ष, एप्रिलमध्ये पाणी उडवायचा थिंगयान, त्यात ओळखीचा-अनोळखी कोणीच कोरडा सुटत नसे, आणि आश्विन पौर्णिमेला, आपल्या कोजागिरीच्या सुमारास, भिक्षूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला म्हणून घराघरात दिवे. शरदबाबू, मोठे बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय, १९०३ ते १९१६ रंगूनमध्येच कारकुनी करत होते.

साहेबांचा पेगू क्लब होताच, सागवानाचा मोठा वाडाच म्हण ना. तिथे हिंदी किंवा ब्रह्मी माणूस फक्त ट्रे हातात घेऊन आत जाऊ शकत होता. मला त्या क्लबाविषयी एवढंच सांगावंसं वाटतं.

प्रश्न : लोकमान्य टिळक रंगूनलाच तुरुंगात होते ना? (चिखली)

नाही, मंडालेला. ते रंगूनच्या उत्तरेला बरंच आत आहे, ब्रह्मी राजांची जुनी राजधानी. १९०८ ते १९१४ टिळक तिथे होते आणि गीतारहस्य तिथेच लिहिलं. आणि उलट्या बाजूची गोष्ट पण लक्षात ठेवा, १८८५ ला इंग्रजांनी मंडालेचा राजा थिबा याला पदच्युत करून आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१६ ला तो तिथेच वारला. आपला शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर रंगूनमध्ये १८६२ ला वारला. यांचा राजा आपल्याकडे कैदेत आणि आपला बादशहा त्यांच्याकडे, इंग्रजांनी एकमेकांच्या मातीत पुरून ठेवले.

प्रश्न : जय भीम सर, आमची आजी सांगायची बाबासाहेब रंगूनला गेले होते, खरं आहे का? (पवनी)

जय भीम ताई. आजीचं अगदी खरं, डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनला जागतिक बौद्ध परिषद झाली तिला बाबासाहेब गेले होते. तुमचा प्रश्न युद्धानंतरचा आहे तरी घेतला, कारण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी महास्थवीर हे मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे, तरुणपणीच भारतात आले आणि कुशीनगरला राहिले. विदर्भातल्या विहारात त्यांचा फोटो असतो पण ते कुठले हे पोरांना सांगत जा.

प्रश्न : माझे मोठे काका युद्धाच्या आधी रंगूनच्या भातगिरणीत मुनीम होते. ते कायम म्हणायचे ब्रह्मी लोक बेइमान, आपण त्यांचा देश उभा केला आणि त्यांनी आपल्याला हाकललं. मी आता सत्तरीचा आहे, मला खरं काय ते कळू द्या. (आर्वी)

काका, तुमच्या काकांचं दुःख खोटं नाही आणि मी ते खोडून काढणार नाही. पण त्यांना जे दिसलं ते गिरणीच्या ओट्यावरून दिसलं, तेच भाताच्या बांधीतून कसं दिसत होतं ते सांगतो, आणि मी धान लावणाऱ्या घरातला आहे म्हणून मला ते जास्त लागतं.

इरावतीच्या मुखाकडचा सगळा भाग दलदल आणि जंगल होता, तो ब्रह्मी शेतकऱ्यानं तोडला, रोवणी केली, आणि त्याच्या जोरावर बर्मा जगात सगळ्यात जास्त तांदूळ विकणारा देश झाला, वर्षाला ३० लाख टनांच्या आसपास. जंगल तोडायला, बैल घ्यायला, पीक येईपर्यंत खायला पैसा लागतो, तो दिला चेट्टियारांनी, जमीन गहाण ठेवून. भाव चढते होते तोवर सगळं सुरळीत. १९३० ला जगभर मंदी आली, धानाचे भाव कोसळले, शेतकऱ्याला व्याजही देता येईना आणि जमिनी सावकाराकडे जायला लागल्या. १९३० मध्ये खालच्या बर्मातल्या मुख्य भातजिल्ह्यांत चेट्टियारांकडे ६ टक्के जमीन होती, १९३८ पर्यंत २५ टक्के. चारातला एक एकर. काका, आपण विदर्भातली माणसं, सावकाराच्या वहीत जमीन गेली म्हणजे घरात काय होतं हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. सगळेच चेट्टियार वाईट होते असं नाही, त्यांनाही जमीन नको होती, पैसाच परत हवा होता. पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघा, साहेब त्याला कधी दिसलाच नाही, त्याला दिसला तो वही घेतलेला हिंदी माणूस.

आणि मजूरही भरडलाच जात होता. मे १९३० मध्ये तेलुगू गोदी कामगारांनी मजुरीसाठी संप केला, कंपन्यांनी त्यांच्या जागी ब्रह्मी मजूर घेतले, मग संप मिटला तसं ब्रह्मी मजुरांना जा म्हणून सांगितलं. आदल्या दिवशी काम होतं, दुसऱ्या दिवशी नाही. तिथेच गोदीवर मारामारी पेटली आणि शहरभर पसरली, शंभराहून जास्त माणसं मेली, बहुतेक सगळे तेलुगू हमाल, जे एकेका खोलीत इतके कोंबलेले असायचे की पाळीपाळीनं झोपावं लागे. दोन गरीब एकमेकांच्या जिवावर उठले आणि ज्यांनी त्यांना तसं उभं केलं ते क्लबात बसून होते. १९३८ ला पुन्हा दंगल झाली, तेव्हा मुसलमानांची दुकानं लुटली गेली.

त्याच वर्षांत ब्रह्मी तरुण जागे होत होते. साहेबाला थाकिन म्हणजे मालक म्हणायची पद्धत होती, १९३० नंतर ही पोरं स्वतःच्याच नावापुढे थाकिन लावायला लागली, या देशाचे मालक आम्ही म्हणून. १९३६ चा रंगून युनिव्हर्सिटीचा संप, त्यात पुढे स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी झालेले आंग सान होते, पुढे पंतप्रधान झालेले ऊ नू होते, आणि संपवाले श्वेडगॉनच्या पायथ्याशी तळ ठोकून बसले होते. आपल्याकडे तेव्हा सेवाग्रामला गांधीजी नुकतेच राहायला आले होते, म्हणजे दोन्हीकडे मागणी एकच होती, स्वराज्याची. पण आपल्या माणसांनी तिथे शाळा काढल्या, दवाखाने काढले, देवळं बांधली, आणि भाषा किती जणांनी शिकली? एका ताटात वाढलेलं होतं, कालवलेलं नव्हतं. राजधानीत राहूनही स्वतःच्या भाषेत सौदा करता येत नाही, हे ब्रह्मी माणसाला रोज किती टोचत असेल, याचा विचार तुमच्या काकांनी केला नसेल कारण त्यांना तो करायला कोणी सांगितलंच नाही.

प्रश्न : एवढं मोठं शहर, युद्ध येतंय हे कोणालाच कळलं नव्हतं का? (चांदूर रेल्वे)

सिंगापूर इंग्रजांच्या हातात आहे तोवर आपल्याला काही होत नाही असा विश्वास होता. १९४१ च्या डिसेंबरातही ट्राम चालू, सिनेमा चालू, गिरण्यांत नवं धान यायची वेळ. २३ डिसेंबरला सकाळी जपानी विमानं आली तर लोक रस्त्यावर उभं राहून वर बघत होते, आपलीच असतील म्हणून. त्यातच हजारो मेले. २५ तारखेला पुन्हा. मग शहर रिकामं व्हायला लागलं, हमाल गेले, झाडूवाले गेले, बोटींचं तिकीट ज्याच्याकडे पैसा आणि ओळख त्याला. ७ मार्च १९४२ ला इंग्रजांनी जाता जाता तेलाचे कारखाने पेटवून दिले आणि ८ ला जपानी आत शिरले.

बाकीचे चालत निघाले. प्रोमवरून डोंगर ओलांडून आराकान, नाहीतर उत्तरेला टामू, मणिपूर आणि तिथून दिमापूरचं रेल्वे स्टेशन. ४ लाखांहून जास्त माणसं, वाटेत कॉलरा, पाणी नाही, पुढे पाऊस लागला, हजारो तिथेच राहिले. गोऱ्यांसाठी चांगली वाट वेगळी आणि आपल्यासाठी वेगळी हेही तिथे झालं.

आमच्या गावात एक म्हातारे होते, त्यांना सगळे रंगूनवाले म्हणायचे, मी आठ-नऊ वर्षांचा असेन. ते रोज रात्री चपला उशाशी ठेवून झोपायचे. दाराशी नाही, उशाशी, डोकं उचललं की हाताला लागतील अशा. सुनेनं एकदा उचलून अंगणात ठेवल्या तर म्हातारा अर्ध्या रात्री उठून घरभर चाचपडत फिरला. आम्ही पोरं विचारायचो बाबा रंगूनमध्ये काय होतं, तर ट्रामचं सांगायचे, घंटी कशी वाजायची ते तोंडानं करून दाखवायचे, प्वेमधल्या सोंगाड्याची नक्कल करायचे. वाटेचं कधीच काही सांगितलं नाही.

तर दर्यापूरच्या ताई, तुमच्या आजेसासऱ्यांनी कोणत्या वाटेनं तो डबा आणला ते मला सांगता येणार नाही, पण चालत आले असतील तर भांडी, पेट्या, गाद्या सगळं वाटेत टाकून हा एवढासा डबा त्यांनी टाकला नाही. त्याला पाणी लावू नका, उन्हात ठेवू नका, चुलीजवळच्या कपाटात तर नकोच, चीक तडकतो. सुती मऊ कपड्यानं कोरडाच पुसा. आणि आतल्या थाळ्या हळूच काढून तळाशी बघा, कारागीर कधी कधी बुडाला नाव कोरतात, गोल गोल अक्षरं असतील तर त्याचा जवळून नीट फोटो काढून पाठवा, ब्रह्मी वाचणारं कोणी शोधायचं काम माझ्याकडे.